एकाच घराचे दोन नोंदलेले करार

भाड्याने घर घेताना करार नोंदवून घ्या म्हणजे निर्धास्त राहाल, असे आपण सगळेच एकमेकांना सांगतो. आमचा करार नोंदलेला होता. मुद्रांक शुल्क भरलेले होते, नोंदणी फीचे 1000 रुपये भरलेले होते, आधारची पडताळणी होऊन अंगठे लागलेले होते आणि पोलीस ठाण्याकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन गेलेली होती. तरीही ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यालगतच्या ज्या सदनिकेत आम्ही संसार मांडला, ती आम्हाला देणारा माणूस तिचा मालक नव्हता. तो स्वतःच तिथला भाडेकरू होता, आणि आम्ही आमच्या नकळत त्याचे पोटभाडेकरू झालो होतो. हा प्रकार मुंबई-ठाण्यात नवीन नाही. पण सरकारी नोंदणीच्या छताखाली तो इतक्या सहजपणे कसा घडतो, हे नीट मांडले जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सदनिकेचे खरे मालक नाशिकला राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत. भाडे यायचे थांबले आणि फोनही लागेना, म्हणून ते स्वतः ठाण्याला आले आणि दारात उभे राहून त्यांनी आपल्या भाडेकरूची चौकशी केली. मी सांगितले की ते इथे राहत नाहीत, ते आमचे घरमालक आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत; त्यांनी पिशवीतून फाइल काढली. थोड्या वेळाने जेवणाच्या टेबलावर दोन करार शेजारी शेजारी ठेवलेले होते. सदनिका क्रमांक तोच, मजला तोच, क्षेत्रफळही तेवढेच. दोन्ही करारांत त्याच माणसाचा वेबकॅमवर काढलेला फोटो आणि त्याखाली त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता. मालकांच्या, म्हणजे काकांच्या करारात तो ‘लिहून घेणार’ (जागा भाड्याने घेणारा) होता आणि आमच्या करारात ‘लिहून देणार’ (भाड्याने देणारा). दोन दस्तांच्या तारखांत जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर होते. सासूबाईंनी काकांना पाणी दिले. ते प्यायल्यावर काका म्हणाले, “ताई, तुमच्याशी माझं काही भांडण नाही. पण घर माझं आहे, आणि त्यात कोण राहतंय ते मला आज कळतंय.”

करार करण्याआधी आम्ही मालकीचा पुरावा मागितला होता. त्या माणसाने खरेदीखताच्या सूची क्रमांक 2 ची, म्हणजे नोंदणी विभागाकडच्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, छापील प्रत दिली होती आणि तिच्यावर त्याचेच नाव होते. ती प्रत बनावट असल्याचे काकांच्या फाइलमधली खरी प्रत पाहिल्यावर उघड झाले.

या फसवणुकीचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण ते ‘हेवी डिपॉझिट’ या आपल्याकडच्या रूढ पद्धतीवर उभे आहे. दरमहा भाडे देण्याऐवजी मोठी अनामत एकदाच द्यायची, भाडे नाममात्र ठेवायचे आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची, हा व्यवहार मध्यमवर्गीय कुटुंबांना आवडतो. भाड्यात गेलेला पैसा परत येत नाही. अनामत मात्र आपलीच राहते, असा त्यामागचा विचार असतो, आणि त्यासाठी कोणी दागिने गहाण ठेवतो, तर कोणी गावाकडची जमीन विकून आलेली रक्कम त्यात घालतो. आम्ही साडेसहा लाख रुपये दिले. त्या माणसाने काकांना 1 लाख अनामत दिली होती आणि दरमहा 24,000 रुपये भाडे ठरवले होते. चार महिने भाडे भरून त्याने हात वर केले. म्हणजे त्याच्या खिशातून 1 लाख 96 हजार गेले आणि आमच्याकडून आलेल्या रकमेतले साडेचार लाखांहून अधिक त्याच्याकडे राहिले. काकांची थकबाकी त्यांच्याकडच्या अनामतीतून काही काळ तरी भागत होती. आमचे पैसे मात्र ज्याच्याकडे होते, त्याचाच पत्ता नव्हता.

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर आमची बाजू फार दुबळी आहे, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले. लिव्ह अँड लायसन्स करारातून मिळते ती केवळ राहण्याची परवानगी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार अशी परवानगी व्यक्तिगत असते आणि ज्याला ती मिळाली, तो ती परस्पर दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. परवानगीच्या जागी भाडेपट्टा असता, तरी निकाल वेगळा लागला नसता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 26 नुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने देता येत नाही, आणि तसे केल्यास कलम 16 नुसार घरमालकाला ताबा परत मागता येतो. मूळ भाडेकरूचा हक्क संपला की त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीनही सरकते. आमचा करार नोंदलेला असला, तरी तो काकांवर बंधनकारक नव्हता, कारण काकांनी आमच्याशी कोणताही करार केलेला नव्हता.

या राज्याने एके काळी पोटभाडेकरूंना संरक्षण दिले होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने पोटभाड्याला बंदी घातली होती. तरीही गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत खोलीतला कोपरा, माळा, गॅलरी असे जे मिळेल ते पोटभाड्याने दिले जात राहिले. शेवटी सरकारने 21 मे 1959 पर्यंतची पोटभाडी मान्य केली. पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानगीने राहत होते, त्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या काळच्या घरटंचाईत ते न्याय्यच होते असे मी मानते. पण त्याचा परिणाम असाही झाला की, घर हातचे जाईल या धास्तीने कित्येक मालकांनी घरे कुलूप लावून ठेवली, आणि 11 महिन्यांचे करार करण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली. म्हणून काकांच्या घरावर आमचा हक्क लागावा अशी माझी मागणी नाही. त्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेले घर त्यांचेच राहिले पाहिजे. मात्र प्रामाणिकपणे पैसे मोजून राहायला आलेल्या कुटुंबाला बाहेर पडण्यासाठी माणुसकीला धरून काही मुदत मिळावी आणि त्याची अनामत कुठे गेली याचा शोध राज्याने घ्यावा, एवढे मागणे अवास्तव नाही.

मुदतीच्या बाबतीत आमचे नशीब चांगले होते. मुलीची वार्षिक परीक्षा संपेपर्यंत काकांनी राहू दिले. त्या काळाचा मोबदला थेट त्यांच्या बँक खात्यात भरण्याचे आणि ठरलेल्या तारखेला घर रिकामे करण्याचे आम्ही वकिलांसमोर लिहून दिले. त्याआधी सोसायटीतल्या काही मंडळींनी पाणी बंद करण्याची भाषा केली होती. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडण्यास 1999 च्या भाडे कायद्याचे कलम 29 घरमालकाला मनाई करते. आमच्यासारख्यांना ते कलम कितपत लागू होते, यावर वकील वाद घालू शकतील. पण वृद्ध माणूस आणि शाळेत जाणारे मूल असलेल्या घराचा नळ बंद करावा असे एखाद्याच्या मनात तरी कसे येते, याचा मला आजही त्रास होतो. ताबा घ्यायचा तो कायद्याच्या मार्गानेच, ही गोष्ट मालकांनी आणि सोसायट्यांनी मान्य केलीच पाहिजे.

त्याच सोसायटीच्या दप्तरात या घरात राहणारा म्हणून त्या माणसाचे नाव होते, कारण काकांनी करायचे ते सगळे केले होते: सोसायटीला कळवले होते, कराराची प्रत दिली होती आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिगर-वापर शुल्कही ते भरत होते. आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा शिफ्टिंगचे पैसे आमच्याकडून घेतले गेले, गाडीच्या स्टिकरसाठी आमचे नाव लिहून घेतले गेले. पण दप्तरातले नाव एक आणि दारात उभे असलेले कुटुंब दुसरे, याची विचारणा कोणी केली नाही. मालकाला एक फोन गेला असता, तर त्याच संध्याकाळी सगळा प्रकार उघड झाला असता.

पोलीस ठाण्यात पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच मिळाले: हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. हे उत्तर चुकीचे आहे. बनावट मालकी दाखवून पैसे घेणे ही फसवणूक आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये तिला सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 173 नुसार ती लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही आणि काकांनी एकत्र तक्रार दिली, तेव्हा गुन्हा दाखल झाला. मालक आणि फसवला गेलेला रहिवासी एकमेकांवर संशय घेत बसले की मधल्या माणसाचेच फावते.

आता नोंदणीबद्दल. दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याने मालकीची शहानिशा करावी, अशी अपेक्षा आपला नोंदणी कायदा ठेवत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तामिळनाडूच्या एका नियमाबाबतच्या निकालात स्पष्ट केले की, देणाऱ्याची मालकी सिद्ध होत नाही या कारणावरून निबंधक नोंदणी नाकारू शकत नाही. ते मान्य केले तरी संगणकाला जे आधीच ठाऊक आहे, ते लोकांपासून लपलेले का राहावे? काकांचा करार आणि आमचा करार एकाच विभागाच्या एकाच प्रणालीत नोंदले गेले. सदनिका तीच, आधार त्याच माणसाचा, पहिल्या कराराची मुदत चालू. दुसऱ्या कराराच्या वेळी आम्ही अंगठा लावण्याआधी, “या जागेचा एक करार चालू आहे आणि त्यात ही व्यक्ती भाड्याने राहणारी आहे” एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर आमचे साडेसहा लाख वाचले असते. यात कोणाची नोंदणी नाकारली जात नाही, कोणाचा हक्क बुडत नाही. त्याच वेळी मूळ करारातल्या मालकाच्या मोबाइलवर संदेश गेला, तर काकांनाही तीन आठवड्यांतच कळले असते.

अनामतीची मर्यादा हा दुसरा मुद्दा. 2021 मध्ये केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. ती इथे लागू असती, तर ‘हेवी डिपॉझिट’चा हा सापळा उभाच राहिला नसता. या पद्धतीवर विसंबून असलेल्या कुटुंबांची अडचण मला समजते. पण मोठी अनामत घ्यायचीच असेल, तर ती नोंदलेल्या मालकाच्याच खात्यात जमा झाली पाहिजे, असा दंडक तरी असावा.

घर शोधणाऱ्यांना सांगायचे ते एवढेच की, समोरच्याने हातात दिलेल्या छापील प्रतीवर न थांबता सूची क्रमांक 2 नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा, विजेच्या आणि मालमत्ता कराच्या बिलावरचे नाव तिच्याशी जुळवा आणि पैसे देण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सदस्याचे नाव विचारा.

दोन्ही दस्तांच्या प्रती जोडून मी पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडे लेखी निवेदन पाठवले आहे. ज्यांच्याकडे एकाच जागेचे, एकाच मुदतीचे असे दोन नोंदलेले करार आहेत, त्यांनी आपले दस्त क्रमांक उघडपणे न लिहिता मला संदेशातून कळवावेत. एकट्या कुटुंबाच्या अर्जापेक्षा अशा दहा जोड्या एकत्र ठेवल्या, तर विभागाला उत्तर द्यावे लागेल.