‘इसेन्शियल’ बीपी म्हणजे ‘आवश्यक’ बीपी नव्हे

मावशीने बीपीची गोळी बंद केली. कारण घरच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड. कुणाच्या तरी रिपोर्टचा फोटो, ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’मधल्या पहिल्या शब्दाभोवती लाल गोल आणि खाली मजकूर: ‘डॉक्टरच लिहून देतात की हे बीपी शरीराला आवश्यक आहे. वय अधिक १०० एवढं बीपी नॉर्मलच. गोळी एकदा लागली की सुटत नाही.’ मावशीचं म्हणणं, “डॉक्टरांनीच लिहिलंय, मी काय मनाने बंद केली?”

लिहिणाऱ्याने एखाद्या डॉक्टरला तरी विचारायचं! वैद्यकात ‘इसेन्शियल’ म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारातून न उद्भवलेलं. मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा, ॲड्रिनल ग्रंथीचा दोष सापडला नाही की हे विशेषण लागतं, आणि बीपीचे दहातले नऊ रुग्ण याच गटातले असतात. एबरहार्ट फ्रांक या जर्मन डॉक्टरने १९११ मध्ये हे नाव वापरलं ते याच अर्थाने. हात थरथरण्याच्या एका विकाराला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. मग ती थरथरही शरीराला आवश्यक का?

एवढं मात्र कबूल करावं लागतं की एकेकाळी मोठमोठे डॉक्टरही असंच मानत. अरुंद रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, त्याला हात लावू नये, हे मत १९३० च्या दशकात चालायचं. तेव्हा धड औषधंही नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा बीपी होतं ३००/१९०.

या मताचा निकाल १९६७ मध्येच लागलाय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना खरी औषधं दिली, ७० जणांना दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या. औषधाविना राहिलेल्यांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला, चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत त्रास झाला दोघांना, मृत्यू एकही नाही.

‘वय अधिक १००’ हा जुना ठोकताळा, केव्हाच मोडीत निघालाय. ऐंशी पार केलेल्यांनाही उपचाराचा फायदा होतो, हे २००८ मध्ये दिसलं. गोळी सुटत नाही म्हणे! मीठ आणि वजन कमी केल्यावर काहींची गोळी खरंच कमी होते, पण ती मोजून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. क्लोनिडिनसारखी गोळी एकदम थांबवली तर बीपी उसळून वर जातं. ज्यांनी हा फॉरवर्ड वाचून गोळी थांबवलीय, त्यांनी आजच बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.