निळा कोल्हा पावसात धुऊन निघत नाही

मुलांना पंचतंत्र मराठीतून द्यायचं की इंग्रजीतून, हा सांगलीतल्या इंग्रजी शाळांच्या पालकांचा जुना वाद. इकडे इंग्लंडातल्या मराठी घरांत तो होत नाही. पोरांना मराठी कळतं, वाचता येत नाही. अनुवादाला पर्याय नसतो. मग प्रश्न उरतो, अनुवाद कुठला? सांगलीतही भांडायचं तर यावर भांडावं.

निळा कोल्हाच घ्या. इंग्रजी चित्रपुस्तकांत तो बऱ्याचदा ‘पेंट’मध्ये पडतो आणि पावसात रंग ओघळून उघडा पडतो. मूळ संस्कृतात पाऊस नाहीच. कुत्र्यांना भिऊन पळणारा चंडरव नावाचा हा कोल्हा रजकाच्या, म्हणजे कपडे धुणाऱ्या-रंगवणाऱ्याच्या घरी निळीच्या भांड्यात पडतो. ही नीळ पांढऱ्या कपड्यांना देतात ती नव्हे; ती पुढच्या धुण्यात जाते. झाडाची नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारात आंबवली की पिवळट हिरवी होऊन विरघळते, केसांत शिरते आणि हवा लागताच पुन्हा न विरघळणारी निळी होते. म्हणजे कोल्हा बाहेर आला हिरवट, निळा झाला पळता पळता! सांगलीच्या हळदीचा डाग उन्हात उडतो. या निळीचं पाऊस काय करणार? वज्रलेप (दगडासारखा घट्ट बसणारा लेप), मूर्ख, खेकडा, मासा, नीळ यांची पकड सुटत नाही, असा श्लोकच या गोष्टीत आहे. पाऊस पाडला की तो खोटा पडतो.

चंडरव सापडतो आवाजानं. अनोख्या रंगामुळे जंगलाचा राजा झाल्यावर त्यानं जातभाईंनाच अर्धचंद्र दिलेला असतो. लांबून त्यांची कोल्हेकुई येते, याच्या अंगावर काटा येतो, डोळे भरतात आणि तोही ओरडतो. संपलं. अर्धचंद्र म्हणजे मानगूट धरताना अंगठा आणि बोटांचा होणारा आकार. ‘हाफ मून’ लिहिलं तर पोरगं आकाशात बघणार.

आर्थर रायडर यांचा १९२५चा इंग्रजी अनुवाद जैन मुनी पूर्णभद्राच्या ११९९च्या संस्कृत पाठावरून केलेला. त्यात नीळ ही नीळच आहे, श्लोकांची यमकबद्ध इंग्रजी पद्यं आहेत. नावं बदलायची हौस मात्र फार: पिंगलक सिंह ‘रस्टी’, दमनक कोल्हा ‘व्हिक्टर’. मोठ्यानं वाचताना मूळ नावं घालावीत.

आणि ‘जॅकल’च्या जागी ‘फॉक्स’ दिसला तर पुस्तक परत ठेवावं. फॉक्स म्हणजे आपलं खोकड. ते टोळीनं कोल्हेकुई करत नाही, मग गोष्टीचा शेवट व्हायचा कसा? इंग्लंडात फॉक्स गल्लीबोळात हिंडतात, रानातला जॅकल एकही नाही. इथल्या पोरांना कोल्हेकुई यूट्यूबवर ऐकवावी लागते. कृष्णाकाठच्या उसाच्या फडाशेजारी ती रात्री फुकट मिळते.