झोंबलं म्हणजे लागू पडलं असं नसतं

मुरुमांच्या काळ्या डागांबद्दलचा एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. त्याचं सार असं: लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून रात्री लावा, झोंबलं की समजा लागू पडतंय, रोज दाणेदार स्क्रबने घासा, सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, एवढ्यानं भागलं नाही तर गोरं करणारी ट्यूब आणा, १५ दिवसांत चेहरा स्वच्छ. हे सगळं नेमकं सावळ्या आणि काळ्या त्वचेलाच सर्वांत महागात पडतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘झोंबलं की समजा लागू पडतंय’

घोळाचं मूळ इथेच आहे. डाग म्हणजे साचलेला मळ नव्हे. मुरुमाभोवती दाह होतो, तो रंगपेशींना डिवचतो आणि त्या जादा मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करतात. रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या त्वचेत साधारण सारखीच असते. गडद त्वचेत मात्र मेलॅनिनचे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि उशिरा विरतात. त्यामुळे लहानसा मुरूमही महिनोन्महिने टिकणारी तपकिरी खूण ठेवून जातो. आता दाह मुरुमाचा असो की लेपाचा, रंगपेशीला दोन्ही सारखेच.

त्वचेचा पीएच (आम्लतेचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या जरा वर, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या पुढे. दोन्ही मिसळल्यावर येणारा फेस म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतायत, एवढंच. माप नसल्यानं कधी आम्ल उरतं, कधी सोडा, आणि जे उरेल ते त्वचा सोलवटतं. शिवाय लिंबूवर्गीय फळांतले काही घटक त्वचेवर राहिले आणि वर ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि ते बरे होताना मूळ डागापेक्षा मोठा डाग उमटतो.

‘रोज स्क्रबने घासा’

नको. पिकलेला मुरूम दाण्यांनी फुटतो आणि दाह आणखी खोल जातो. नखानं फोडण्याचंही तेच. सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, बोटांनी. चेहरा टिपून कोरडा करायचा, पुसायचा नाही.

‘सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही’

यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पटतं. मेलॅनिन अतिनील किरण अडवतं, काळी त्वचा उन्हानं सहसा लवकर भाजत नाही. पण इथे प्रश्न भाजण्याचा नाही, डाग गडद होण्याचा आहे. डाग गडद करतात ते अतिनीलातले यूव्हीए किरण आणि डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश, त्यातही जांभळा-निळा भाग. दोन्ही खिडकीच्या काचेतून आत येतात. दिसणाऱ्या प्रकाशानं रंग चढण्याची खोड सावळ्या-काळ्या त्वचेतच जास्त आहे.

आणि हा प्रकाश नेहमीच्या सनस्क्रीनला फारसा जुमानत नाही. त्याला अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंग असलेल्या सनस्क्रीनमधलं लाल, पिवळं, काळं रंगद्रव्य. घटकांच्या यादीत ते सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ अशा आकड्यांनीही लिहिलेलं असतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम आणि आपल्या रंगाच्या जवळचं टिंट घ्या, म्हणजे राखट पांढरा थरही दिसत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा. चेहऱ्याला आणि मानेला तेवढं लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, मग ट्यूबवरचा आकडा खोटा ठरतो. बाहेर असाल तर दर २ तासांनी पुन्हा.

‘गोरं करणारी ट्यूब आणा’

सगळ्यांत धोक्याचा सल्ला हा. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं वाचायला शिका. पहिल्या काही दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो. तिथेच माणूस फसतो. पुढे एकाच मापाचे बारीक पुरळ उठतात, त्वचा पातळ होते, लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून ती परत लावली जाते. महिनोन्महिने वापरली असेल तर परस्पर बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना गाठा.

हायड्रोक्विनोन हे खरं औषध आहे, पण २ ते ४ टक्के, देखरेखीखाली, काही महिन्यांपुरतं. वर्षानुवर्षं चोळलं तर निळसर-काळी झाक येते आणि ती जवळजवळ जात नाही. घटकच न छापलेल्या डबीत पारा असू शकतो. तो मूत्रपिंडं बिघडवतो.

‘१५ दिवसांत स्वच्छ’

त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिना किंवा जास्त लागतो. वरच्या थरातला तपकिरी डाग काही महिने घेतो, खोलवरचा राखाडी-निळसर डाग वर्षाहून अधिक. एक चाचणी करून पाहा: डागावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबा. लालसर-जांभळी खूण फिकी पडली तर ती रक्तवाहिन्यांची आहे, तिथे डागांचं क्रीम चालणार नाही. तपकिरी रंग तसाच राहिला तर मेलॅनिन. फार गडद त्वचेवर मात्र हा फरक नीट दिसत नाही.

आधी नवे मुरूम थांबले पाहिजेत, नाहीतर डाग पुसणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. त्यासाठी मुरुमांवर लावायचं औषध, बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्के पुरतं. ५ किंवा १० टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, जळजळ वाढते. ते कापडाचा रंग उडवतं, टॉवेल पांढरा ठेवा. रात्री मुरुमांचंच दुसरं औषध, अॅडापलीन ०.१ टक्के, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पापण्या, नाकपुडीच्या घड्या, ओठांचे कोपरे सोडून. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड एक. गर्भारपणात किंवा त्या तयारीत असाल तर अॅडापलीन टाळा. ॲझेलाइक आम्ल, १५ ते २० टक्के, मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं आणि गर्भारपणातही सहसा चालतं. काही मिनिटांची चुरचुर चालेल. आग टिकली किंवा सालं निघाली तर दोन-तीन रात्री फक्त मॉइश्चरायझर.

हमखास होणारी चूक म्हणजे ही तिन्ही औषधं एकाच आठवड्यात सुरू करणं. मग कशानं भाजलं तेही कळत नाही. दोन औषधांत किमान दोन आठवडे जाऊ द्या.

खोल दुखऱ्या गाठी, खड्डे, उंचवटलेले व्रण, किंवा अनियमित पाळीबरोबर हनुवटीवर राठ केस असतील तर घरी वेळ घालवू नका. पील (आम्लानं त्वचेचा वरचा थर सोलणं) किंवा लेसर सुचवलं तर गडद त्वचेसाठी कुठलं यंत्र, किती तीव्रता, हे आधी विचारा. चुकीच्या मापाचं लेसर स्वतःच डाग पाडतं.

आरशात रोज पाहून फरक कळत नाही. त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, दर ४ आठवड्यांनी फोटो काढा. १२ आठवड्यांनी आधी नवे मुरूम मोजा, डाग नंतर. नवे कमी झाले नसतील तर मुरुमांचं औषध बदलायला हवं, डागांचं नव्हे.