आधी दोन्ही टोकं एकाच बिंदूवर लावून बघा

ऑसिलोस्कोपनं (व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारं उपकरण, थोडक्यात स्कोप) मोजमाप करण्यावरच्या लेखात म्हटलंय की डिफरेन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधला व्होल्टेजचा फरक थेट मोजणारा) नसला तर दोन साधे प्रोब लावून स्कोपवर 'ए वजा बी', म्हणजे एका प्रोबच्या रेघेतून दुसरीची वजाबाकी, केलं तरी भागतं. कमी फ्रिक्वेन्सीला भागतं, मान्य. पण मी वाळूजला मोटर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रणा) दुरुस्त करतो. तिथं ४१५ व्होल्टची थ्री-फेज रेक्टिफाय होऊन (एसीची डीसी होऊन) डीसी बस, म्हणजे ड्राइव्हमधली डीसी लाइन, ५८५ व्होल्टच्या आसपास जाते आणि वरच्या आयजीबीटीचा (वेगानं चालू-बंद होणाऱ्या पॉवर ट्रान्झिस्टरचा) एमिटर, म्हणजे त्याचं एक टोक, शंभरेक नॅनोसेकंदांत तेवढा वरखाली होतो. दोन प्रोब थोडे जरी वेगळे निघाले तरी वजाबाकीत तो फरकच उरतो. आयजीबीटी चालू-बंद करणारा १५ व्होल्टचा गेट सिग्नल त्यात बुडतो.

माझी सवय सांगतो. डिफरेन्शियल प्रोबची दोन्ही टोकं आधी त्याच एमिटरवर लावायची. रेघ सपाट हवी. जे काटे दिसतील ते मोजमापाचे, ड्राइव्हचे नाहीत. मग दोन्ही वायरींना एकमेकींचा पीळ देऊन परत बघा, बराच फरक पडतो.

आणि स्कोपची अर्थ पिन काढायचं लेखात एका ओळीत उरकलंय, ते ठळक लिहा. पिन काढून प्रोबची ग्राउंड क्लिप एमिटरला लावली की स्कोपची अख्खी बॉडी बसच्या व्होल्टेजवर येते. आमच्याकडं शिकाऊ पोरं हे सर्रास करतात, हात लावायच्या आधी त्यांना कुणीतरी सांगायला हवं.