बिल बेलिचिक यांच्या कारकिर्दीविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘बिल बेलिचिक थेट न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्या पदावर त्यांनी आठ सुपर बोल जिंकले’ असा संदेश सध्या फिरत आहे. (पेट्रियट्स हा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधला संघ, आणि सुपर बोल म्हणजे त्या लीगचा विजेता ठरवणारा अंतिम सामना.) मागच्या आठवड्यात मीही तो पडताळून न पाहता पुढे पाठवला, याबद्दल दिलगीर आहे. लीगच्या हंगामनिहाय नोंदी पाहिल्यावर त्यातली दोन्ही विधाने चुकीची असल्याचे स्पष्ट होते.

बेलिचिक यांनी 1975 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला अवघ्या 25 डॉलरवर कामाला सुरुवात केली. पुढे डेट्रॉइट आणि डेन्व्हर येथे साहाय्यक म्हणून राहून ते 1979 मध्ये न्यूयॉर्क जायंट्समध्ये आले. तेथे बचावफळीचे प्रमुख असताना संघाने 1986 आणि 1990 च्या हंगामांचे सुपर बोल जिंकले, पण मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स होते. आठचा आकडा या दोन विजेतेपदांमुळेच होतो. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची विजेतेपदे सहा आहेत.

मुख्य प्रशिक्षकपद त्यांना प्रथम 1991 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने दिले. पाच हंगामांत 36 विजय आणि 44 पराभव झाल्यावर त्यांना काढून टाकण्यात आले, आणि माझ्या मते संदेशातून गाळलेला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पेट्रियट्सची सूत्रे 2000 मध्ये हाती आल्यावरही पहिल्या हंगामात 16 पैकी 11 सामने गमवावे लागले होते.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवावी.