जुनी डिस्क म्हणजे भंगार नव्हे

"काका, डिस्क फॉरमॅट मागतेय. आत काही दिसत नाही. करून टाकू?"

नवा कॉम्प्युटर जोडायला आलेल्या मुलाने आज सकाळी मामांना हे विचारलं. मामा नको म्हणाले म्हणून वाचलो. ऐकल्यापासून डोकं तापलंय माझं.

त्या डिस्कवर आजोबांच्या वह्या आहेत. मूळ वह्यांना वाळवी लागली. त्याआधी मामांनी एकेक अक्षर शोधत, एका बोटाने त्या टाइप केल्या होत्या. आणि हा एका क्लिकमध्ये उडवायला निघाला!

विंडोज फॉरमॅट मागतं तेव्हा त्याला डिस्कवरची मांडणी वाचता येत नसते, एवढाच त्याचा अर्थ. फाइली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीत, पार्टिशनच्या (डिस्कच्या एका भागाच्या) पहिल्या सेक्टरची, म्हणजे मांडणीची माहिती असलेल्या छोट्या तुकड्याची, प्रत शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते, ती अशाच वेळेसाठी. मी दुपारभर बसून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची नक्कल काढली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि नकलेवर टेस्टडिस्क हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून पहिला सेक्टर त्या प्रतीवरून दुरुस्त केला. सगळी फोल्डर्स उघडली. मामा खुर्ची ओढून जे वाचायला बसले, ते जेवायलाही उठेनात.

'डिस्क मेली' हेही असंच ठोकून देतात. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरणारच नाही. पॉवरचा अडॅप्टर लावून बघा, मग बोला! टकटक आवाज येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

बॅकअप आधीच घ्यायला हवा होता, हे मान्य. पण म्हणून मामांची इतकी मेहनत पुसायची?

आता जरा शांत झाल्यावर वाटतंय, त्या पोराचा तरी काय दोष? त्याला कोणी शिकवलंच नाही. मागून दुकानदाराचे 'आटप लवकर' म्हणून फोन. राग यायचाच तर त्या दुकानदाराचा यावा. गिऱ्हाइकाला नवं मशीन विकताना जुन्यातलं काय काय हवंय, एवढं विचारायला काय जातं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या बरेच जण मशीन बदलतायत. जुनं चालू आहे तोवरच बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) आहे का बघा आणि असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही मिळणार नाही. आणि एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या, चिपच्या डिस्कवरून) काही डिलीट करताना दहादा विचार करा. ट्रिममुळे, म्हणजे डिलीट केलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते त्यामुळे, तिथलं गेलेलं सहसा परत येत नाही.

तुमच्या घरी कोणी कॉम्प्युटर बदलत असेल तर जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. मला मेसेज करा. केबल, अडॅप्टर सगळं माझ्याकडे आहे. रविवारी येईन.