पोथ्यांना एसी लावा म्हणे!

विदर्भातल्या गावोगावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'वाड्यात, मठात जुन्या पोथ्या असतील तर खोली बंद करून एसी लावा. 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता हा जागतिक नियम. एसी परवडत नसेल तर कूलर चालेल. भिंतींना सिमेंटचा गिलावा करा. पोथ्या बासनातून काढून डांबरगोळ्यांसकट प्लास्टिकमध्ये ठेवा.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण महानुभावांच्या रिद्धपूरपासून कुठल्याही मठात हे केलं तर पोथ्यांचं काही खरं नाही.

आधी तो 'जागतिक नियम'. हे आकडे थंड देशांतल्या, चोवीस तास यंत्रणा चालणाऱ्या संग्रहालयांतून आले. संवर्धकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनीच 2014 मध्ये सांगून टाकलं, की मर्यादा स्थानिक हवामानात पाळता येण्याजोग्या हव्यात.

थंडाव्यात कागद हळू जुना होतो, हे खरं. पण तो थंडावा अखंड हवा, आणि आपल्याकडे लाइन जाते. श्रावणात बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 26 अंशांपेक्षा गार वस्तूला लागली की पाणी सुटतं. एसीने 22 अंशांवर नेलेली पोथी, लाइन गेलेली, दार उघडलेलं: बुरशीला आणखी काय पाहिजे? आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरतेच. फक्त दिवसा चालणारा एसी तर नसलेलाच बरा.

कूलरचं विचारूच नका. ओल्या ताटीतून हवा ओढून खोलीत पाणीच सोडणारं यंत्र ते. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, आत कूलरने दमट, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. रोजच्या या फुगण्या-आक्रसण्याने पानं वाकडी होतात, लाकडी पाट्या तडकतात. माणसांसाठी कूलर खुशाल लावा, पोथ्यांच्या खोलीत नको.

सिमेंटचा सल्ला सर्वांत महाग पडतो. मातीची भिंत पायातून ओल ओढते आणि चुन्या-मातीच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. खरी कामं साधी आहेत: मृगाआधी छपराचे कवेलू फेरणं, भिंतीलगतची नाली बुजलेली असेल तर मोकळी करणं, मागच्या न्हाणीचं पाणी दूर काढणं.

बासनाला जुनाट म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: सुती कापड आणि सागवानी पेटी बाहेरचा दमटपणा स्वतः शोषतात, सावकाश सोडतात. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधलेली ओल मात्र आतच राहते. डांबरगोळ्या बुरशी थांबवत नाहीत, वर त्यांची वाफ पुजाऱ्याच्या छातीत जाते.

पेटी भिंतीपासून वीतभर सरकवा, जमिनीपासून उचला, आणि काहीशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं मीटर आत ठेवून वर्षभर वहीत आकडे लिहा. खिडक्या उघडीप पडल्यावर, बाहेरची हवा कोरडी असतानाच उघडा. एसीचं कोटेशन मागवायचं की नाही, ते ती वही पाहून ठरवा.